नजर रस्त्यावर, बोट काचेवर

‘वी बिलेगारे’ या स्वीडनमधल्या मोटार मासिकाने २०२२ मध्ये एका जुन्या धावपट्टीवर अकरा नव्या गाड्या जमवल्या आणि त्यांच्या जोडीला २००५ सालची एक व्हॉल्व्हो व्ही७० उभी केली. या म्हाताऱ्या गाडीत टचस्क्रीन नव्हती, नुसती बटणं आणि गोल खटके. चालकांना आधी प्रत्येक गाडीशी ओळख करून घ्यायला वेळ दिला. मग ताशी ११० किलोमीटर वेगात चार कामं उरकायची होती. सीट गरम करून काचेवरची वाफ घालवायची, रेडिओवर ठरावीक स्टेशन लावायचं, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा आणि डॅशबोर्डचे दिवे मंद करायचे. व्हॉल्व्होत दहा सेकंदांत सगळं झालं, तोवर गाडी ३०६ मीटर गेली होती. सगळ्यात मागे राहिलेल्या एमजी मार्व्हल आरमध्ये याच कामांना ४४.९ सेकंद लागले. तेवढ्यात गाडी १,३७२ मीटर पुढे!

गाडी घेताना हे कुणी तपासत नाही. शोरूममध्ये गाडी उभी असते, एसी चालू असतो, समोर दहा-बारा इंचांची स्क्रीन झगमगत असते आणि सेल्समन तिच्यावर सराईतपणे बोट फिरवत असतो. उभ्या गाडीत कुठलीही स्क्रीन चांगलीच वाटते.

काचेची अडचण स्पर्शात आहे. पेटी वाजवणाऱ्याची बोटं पट्ट्यांच्या कडा चाचपत जागा ओळखतात, मान खाली घालावी लागत नाही. खटक्याचंही तसंच. हात त्याच्यापर्यंत जातो, बोटांना आकार कळतो, ‘कट्’ असा आवाज येतो आणि काम झाल्याचं समजतं. गुळगुळीत काचेला कडाच नाहीत. त्यामुळे बोट कुठे ठेवायचं आणि काम झालं की नाही, हे दोन्ही डोळ्यांनाच बघावं लागतं. पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेला नियम सांगतो की लक्ष्य जितकं लहान आणि जितकं लांब, तितका तिथे अचूक पोहोचायला वेळ अधिक. त्यात आपले खड्डे. हात अधांतरी, गाडी हिंदकळतेय आणि नखाएवढ्या चित्रावर नेम धरायचाय.

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत याला आकडा दिला. एका वेळी नजर रस्त्यावरून दोन सेकंदांपेक्षा जास्त हटू नये, आणि एका कामासाठी अशा सगळ्या नजरा मिळून बारा सेकंदांत काम संपावं. ताशी ८० च्या वेगात दोन सेकंदांत गाडी ४४ मीटर जाते. दुभाजकाच्या फटीतून रिक्षा आडवी यायला त्याहून कितीतरी कमी अंतर पुरतं.

म्हणून स्क्रीन किती मोठी, यापेक्षा ती किती उंचावर आहे हे आधी बघावं. गिअरच्या जवळ, खाली बसवलेल्या स्क्रीनकडे बघताना रस्ता नजरेच्या कडेलाही उरत नाही. चाळिशी ओलांडलेल्यांचा आणखी एक त्रास म्हणजे डोळ्यातलं भिंग कडक होत गेल्याने लांबून जवळ आणि जवळून लांब नजर स्थिरावायला वेळ लागतो. मात्र फार वर बसवलेली स्क्रीन बुटक्या चालकाची समोरची काच अडवते. तेव्हा सीट आपल्या उंचीला लावूनच निर्णय घ्यावा.

नकाशाचा मामला जरा वेगळा. मोबाइलच्या नकाशात रहदारीची ताजी माहिती असते, गाडीतला नकाशा अपडेट न केल्यास शिळा होतो. त्यामुळे बहुतेकांना फोन स्क्रीनला जोडणंच सोयीचं पडतं, आणि मलाही त्यात गैर वाटत नाही. पण मुंबईच्या कोस्टल रोडवर मलबार हिलखालच्या दोन किलोमीटरच्या बोगद्यात उपग्रहाचे संदेश पोहोचत नाहीत. तिथे गाडीच्या अंगच्या नेव्हिगेशनचा जुना गुण उपयोगी पडतो. चाकं किती फिरली आणि गाडी किती वळली यावरून ते आपली जागा मोजत राहतं. होंडाने १९८१ मध्ये आणलेलं यंत्र तर पूर्णपणे याच हिशेबावर चालायचं. त्यात हेलियम वायूचा झोत दोन तापलेल्या तारांवर सोडलेला असे. गाडी वळली की झोत किंचित कलायचा, एक तार दुसरीपेक्षा जास्त थंड व्हायची आणि त्या फरकावरून वळण कळायचं. नकाशा म्हणजे पडद्यावर सरकवायचा पारदर्शक कागद! चार वर्षांनी अमेरिकेत आलेल्या इटॅक या यंत्राचे नकाशे कॅसेटवर असत, पण त्यात गाडीच्या दिशेने फिरणारा नकाशा होता.

ही सोय किरकोळ नाही. मुंबईहून गोव्याला निघालात की समुद्र उजव्या हाताला असतो, पण उत्तर वर ठेवलेल्या नकाशात तो डावीकडे दिसतो. चित्र मनातल्या मनात फिरवायला लागणारा वेळ कोनाबरोबर वाढत जातो, हे शेपर्ड आणि मेट्झलर या संशोधकांनी १९७१ मध्ये प्रयोगाने दाखवलं. दक्षिणेकडे जाताना तो कोन पुरा १८० अंशांचा. तेव्हा नकाशा गाडीच्या तोंडाप्रमाणे वळवणारं बटण एका स्पर्शात सापडतं का, तेही बघा.

सगळा कारभार एकाच स्क्रीनवर सोपवण्यात आणखी एक धोका आहे. २०२१ मध्ये टेस्लाला सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. स्क्रीनमागची फ्लॅश मेमरी वारंवार लिहून-पुसून झिजत होती, आणि ती गेली की मागचा कॅमेरा व काचेवरची वाफ घालवायची सोयही जायची. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरोपच्या एनकॅप संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे आणि आपत्कालीन कॉल यांच्यासाठी हाताला लागणारी बटणं असली तरच पूर्ण गुण द्यायचं ठरवलंय.

आपल्या यादीत मी ब्लोअर आणि डीफॉगर घालेन. पावसाळ्यात आंबेनळी घाटात काचेवर एकदम वाफ धरते, तेव्हा मेनूत शिरायला सवड नसते. उन्हात स्क्रीन दिसते का ते कळायला टेस्ट ड्राइव्ह भर दुपारी घ्या, आणि गाडी उभी असताना डोळे मिटून ब्लोअर वाढवून बघा. पोलराइज्ड गॉगल वापरत असाल तर तोही लावून जा. स्क्रीनमधून येणारा प्रकाश मुळातच एका दिशेने पोलराइज्ड असतो, आणि काही गाड्यांत गॉगलमधून ती काळीठिक्कर दिसते.