गाळ काढा, पण काठ ठेवा

उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की हिप्परग्याच्या एकरुख तलावात काळा गाळ उघडा पडतो. आदिला नदी अडवून 1871च्या सुमारास हा तलाव झाला. दीडशे वर्षांत वरच्या शिवारांची माती त्यात येऊन बसली. गाळ काढायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. तलावाची साठवण वाढते आणि तोच गाळ मुरमाड रानात पसरला की ओल धरतो. 2017च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचा हिशेब हाच.

या हिशेबात काठ मात्र कुणी धरत नाही. वीतभर पाण्याखालच्या चिखलात लाल अळ्या, किडे, शंख-शिंपले वाढतात. शेकाट्या आणि तुतवार यांचं पोट त्यावरच. चिखलाच्या वरच्या पातळ थरात प्राणवायू असतो, बोटभर खाली नसतो. तिथले जीवाणू शेतातून वाहून आलेलं नायट्रेट फोडतात आणि त्यातला नायट्रोजन वायुरूपात हवेत सोडतात. म्हणजे खताचं पाणी फुकटात साफ होतं! पोकलेननं काठ उभा कापला की हे सगळं एका दिवसात जातं. पाणी वाढतं, पण शेकाट्याला उभं राहायला जागा उरत नाही.

अमेरिकेत यावर भरपाईचा नियम आहे. एका ठिकाणची पाणथळ बिघडवली तर दुसरीकडे तशी उभी करून द्यायची. 2008मध्ये त्याचे निकष पक्के झाले. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा खोऱ्यात ओढ्यांतला गाळ उपसणारी यंत्रणा अशीच भरपाई करते. पण बदली पाणथळ मूळच्या तोडीची होते का? 2012 साली जगभरातल्या, पुन्हा उभ्या केलेल्या 621 पाणथळींचा आढावा प्रसिद्ध झाला. शंभर वर्षांनंतरही त्यांतली जीवसृष्टी सरासरी 26 टक्के आणि मातीतल्या कार्बनसाठ्यासारखं काम 23 टक्के उणंच भरलं. तेव्हा भरपाईपेक्षा आहे ते राखणं स्वस्त.

आपल्याकडे कायद्याचा आधारही तोकडा. 2017च्या पाणथळ नियमांनी सिंचनासाठी बांधलेले जलसाठे व्याख्येतूनच वगळले. उजनी धरणाच्या उथळ पाण्यात उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांना ही व्याख्या कुणी वाचून दाखवलेली नाही.

खरं काम तलावाच्या वर आहे. जेसीबीनं सरळ केलेल्या ओढ्यात पाणी धावतं, थडी कापतं आणि काढलेला गाळ पुन्हा तलावात आणून टाकतं. ओढ्याची वळणं आणि डोह ठेवले, थडीला वाळा, निर्गुडी, करंज लावला, तर माती वरच अडते. काढलेल्या गाळाची भरपाई म्हणून हा खर्च त्याच कामाच्या अंदाजपत्रकात धरायला हवा.

येत्या उन्हाळ्यात तुमच्या गावच्या तलावावर पोकलेन आला, तर चालकाला चहा पाजण्याआधी काठाला खुंट्या ठोकून घ्या. खोदाई खुंट्यांच्या आतल्या बाजूलाच.