दोन गावांच्या सावल्या

हौशी आकाशनिरीक्षकांचे मेळावे बहुधा गावाबाहेरच्या अंधाऱ्या माळावर भरतात. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ साली स्थापन झाली. परंतु २०२० साली महामारीमुळे एकत्र जमणे अशक्य झाले. त्या वर्षी २१ जून रोजी सोलापुरातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसावयाचे होते. तेव्हा अनेक मंडळांनी दुर्बिणीस कॅमेरा जोडून ग्रहणाचे दृश्य आंतरजालावरून घरोघरी पोहोचविले. दुर्बिणीस स्वतःचा डोळा लावण्याचे सुख मात्र पडद्यावर नाही, हे खरे.

तरीही दूर राहणाऱ्या निरीक्षकांना एक गोष्ट साधते, ती एका माळावर जमून साधत नाही. सोलापूर व उज्जैन ही गावे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. मे महिन्यात एके दिवशी मध्यान्ही सूर्य सोलापूरच्या बरोबर माथ्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते. (ऑगस्टच्या आरंभीही असा दिवस येतो, पण तेव्हा आकाशात ढगच फार!) त्याच वेळी उज्जैनला एक मीटर उंचीच्या काठीची सावली सुमारे दहा सेंटिमीटर पडते; कारण तेथे सूर्य माथ्यापासून साडेपाच अंश कललेला असतो. ही मापे निरीक्षकांनी परस्परांस कळवावीत. दोन्ही गावांतील सरळ अंतर सुमारे ६१० किलोमीटर आहे. साडेपाच अंशांस एवढे अंतर, तर ३६० अंशांस किती? त्रैराशिक मांडून पाहा. उत्तर ४०,००० किलोमीटरांच्या जवळपास येईल. तोच पृथ्वीचा परीघ होय.