गाडीची सर्व्हिसिंग : किलोमीटर पाहावेत की कॅलेंडर?

बंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये मुलांना शाळेत सोडायचे, संपिगे रोडवर बाजार करायचा, की गाडी पुन्हा दारात! वर्षभरात किलोमीटर होतात थोडेच. मग सर्व्हिसिंगची घाई कशाला, असे अनेकांना वाटते. पण छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही. पाण्याचा अंश आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये मिसळून ते लवकर खराब होते.

काही गाड्यांतील संगणक वापर पाहून सर्व्हिसिंगची वेळ सांगतो. तशी सोय असल्यास त्याचे जरूर ऐका. नसल्यास पुस्तिकेतील मुदत पाळा. अनेक पेट्रोल गाड्यांसाठी ती १० हजार किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी आधी येईल ती असते. मुदत टाळल्यास वॉरंटीही धोक्यात येऊ शकते. ऑइलचे पैसे वाचवून इंजिनचा खर्च ओढवून घेण्यात कसला शहाणपणा?