काकांची गिटार आणि डालड्याचा डबा

शनिवारची सकाळ. लॉगिन नाही, कॉल नाही, बॉसचा ‘दोनच मिनिटं बोलू या’ नाही. माणमधल्या माझ्या फ्लॅटच्या बाल्कनीतून फेज थ्रीच्या काचेच्या बिल्डिंगा दिसतायत आणि डायनिंग टेबलावर आडवी पडलीय एक इलेक्ट्रिक गिटार. शेजारी स्क्रू-ड्रायव्हर, टॉर्च आणि गार झालेला चहा.

गिटार माझ्या काकांची. काका पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. गणपतीत कॉलनीच्या ऑर्केस्ट्रात गिटार तेच वाजवायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. परवा चिंचवडहून काकूचा फोन आला, ‘‘अगं, कानाचं मशीन घ्यायचंय, दोन्ही कानांचं. शेजारचे म्हणतात, जुनी जपानी गिटार आहे, दीड-दोन लाख कुठे गेले नाहीत. तू बघ ना कोणी घेतंय का.’’

गंमत म्हणजे गिऱ्हाईक माझ्याच टीममध्ये निघालं. नुकताच जॉइन झालेला लातूरचा मुलगा. फोटो बघूनच उडाला, ‘‘ताई, सगळी ओरिजिनल आहे ना? मग मी लोन काढतो!’’

माझ्या पोटात गोळा आला. ओरिजिनल आहे की नाही, हे मलाच कुठे माहीत होतं? पण मी पडले सॉफ्टवेअर टेस्टर. म्हटलं, चला, हिचंही टेस्टिंग करू. निगडीतल्या एका गिटार दुरुस्तीवाल्या दादांना घरी बोलावलं.

आधी जन्मतारीख

दादांनी गिटार उलटी केली. हेडस्टॉकच्या मागे नंबर दाबून उमटवलेला होता. सुरुवातीला ‘एच’, मग ७६. आयबानेझच्या त्या काळातल्या जपानी नंबरात पहिलं अक्षर महिन्याचं, पुढचे दोन आकडे वर्षाचे. ए म्हणजे जानेवारी, म्हणून एच म्हणजे ऑगस्ट. ऑगस्ट १९७६!

घाट मात्र अमेरिकन गिब्सनच्या लेस पॉलचा. तेव्हाच्या जपानी नकला इतक्या हुबेहूब होत्या, की १९७७मध्ये गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिनने आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर दावा ठोकला. म्हणून अशा गिटारींना आजही ‘लॉसूट गिटार’ म्हणतात आणि शौकीन त्यांच्यामागे धावतात.

मी खूश. दादा नाहीत! ‘‘नंबर फक्त ज्यावर कोरलाय त्या तुकड्याचं वय सांगतो, मॅडम. जुन्या फेंडरमध्ये तर नंबर मागच्या पत्र्याच्या प्लेटवर असायचा. चार स्क्रू काढले की ती प्लेट दुसऱ्या गिटारला!’’

पोटात काय दडलंय?

मग मागचं झाकण उघडलं. आत व्हॉल्यूम आणि टोनचे पॉट, म्हणजे आपण फिरवतो त्या बटणांखालचे गोल डबे. अमेरिकन गिटारींत या डब्यांवर नंबर छापलेला असतो. उदाहरणार्थ १३७६६१२ : १३७ म्हणजे सीटीएस ही कंपनी, ६६ म्हणजे १९६६ आणि १२ म्हणजे बारावा आठवडा. गिटार त्या तारखेच्या आधीची असूच शकत नाही, नंतरची मात्र असू शकते. कारण पॉट कारखान्यात वर्षानुवर्षं पडून राहायचे. अर्थात, पॉट नंतर बदललेला असला तर हा हिशेबच कोसळतो. म्हणून दादा आधी डाग बघतात. कारखान्यातलं सोल्डरिंग सहसा एकसारखं आणि जुनं होऊन मंद पडलेलं; नंतरचं गोळे गोळे आणि चकचकीत.

आमच्या गिटारीत चारपैकी दोन पॉट चक्क रेडिओचे निघाले! बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी मिळतात तसले. ट्यूनिंगच्या खुंट्यांखाली जुन्या स्क्रूंची बुजवलेली भोकं सापडली, म्हणजे खुंट्याही बदललेल्या. वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी, तिला नट म्हणतात, ती पितळेची. अगदी हाताने घासलेली. पिकअप मात्र जागचे हललेले नव्हते. खोली अंधारी करून अतिनील टॉर्च मारला, तर रंग सगळीकडे सारखाच दिसला. कुठे ठिगळ नाही.

‘‘रंग वाचला, नशीब तुमचं,’’ दादा म्हणाले. जुन्या गिटारीला नवा रंग मारला की किंमत साधारण निम्म्यावर येते, असा बाजाराचा ढोबळ नियम आहे. खुंट्या, पॉट, नट यांचा फटका त्यामानाने कमी. आणि जुने पार्ट जपून ठेवले असतील तर आणखी कमी.

बदललं म्हणजे बिघडलं?

तसं बघितलं तर एरिक क्लॅप्टनची ‘ब्लॅकी’ तीन जुन्या स्ट्रॅटोकास्टरचे भाग जोडून बनलेली. २००४मध्ये लिलावात तिचे ९ लाख ५९ हजार ५०० डॉलर आले. डेव्हिड गिल्मरच्या काळ्या स्ट्रॅटची मान आणि पिकअप कितीदा तरी बदलले, तरी २०१९मध्ये ती ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. तिथे कोणता पार्ट कोणी बदलला, याची नोंद होती. पण आपले काका काही क्लॅप्टन नव्हते!

संध्याकाळी चिंचवडला गेले. काकूला सगळं सांगितलं. तिने न बोलता कपाटातून एक डायरी आणि डालड्याचा जुना डबा काढला. डब्यात तेल लावून, फडक्यात गुंडाळलेल्या सहा मूळ खुंट्या. डायरीत काकांचं टूलरूमचं अक्षर : गिटार १९७९मध्ये बोटीवरच्या मित्राकडून घेतली. पॉट कधी जळला, खुंटीचे दात कधी झिजले, नट पितळेच्या तुकड्यातून कसा घासला. तारांसाठी मुंबईला धोबीतलावला फुर्टाडोजकडे किती फेऱ्या झाल्या.

तेव्हा लक्षात आलं. १९९१ आधीच्या लायसन्स-परमिटच्या जमान्यात परदेशी पार्ट कुठून आणणार? पार्ट बदलला नसता तर गिटार गप्प झाली असती.

पण भावना वेगळी, किंमत वेगळी. दादांचा अंदाज : सगळी मूळ असती तर नव्वद हजार. आहे तशी पन्नास. डब्यातल्या खुंट्या परत बसवल्या तर साठ. दीड-दोन लाख नाहीच. खरं सांगते, एक क्षण मनात आलं, त्या मुलाला कुठे कळणारेय? रेडिओचे पॉट झाकणाखाली, डायरी कपाटात.

काकूच म्हणाली, ‘‘सगळं सांगून वीक गं. ह्यांनी लिहून ठेवलंय ते लपवायला नाही.’’

सोमवारी कँटीनमध्ये मी त्याच्यासमोर सगळी यादी ठेवली, अगदी बग रिपोर्टसारखी. काय मूळ, काय बदललेलं, किती फरक. तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘ताई, साठ देतो. लोनची गरज नाही. पण डायरीची झेरॉक्स पाहिजे. आणि तो पितळी नट मी बदलणार नाही.’’

साठ हजारांत काकूच्या एकाच कानाचं मशीन आलं. दुसरं माझ्या दिवाळी बोनसमधून. मागच्या रविवारी तो गिटार आणि छोटा अँप घेऊन चिंचवडला आला होता. काकूने मशीनचा आवाज कमी केला आणि म्हणाली, ‘‘खालची तार उतरलीय रे. ह्यांना लगेच कळायचं.’’