मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, पट्टी सुटली, पुढे काय?

माझी थोरली आत्या मुरूड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या वाडीत राहायची. १९९७ च्या जानेवारीत तिच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन एका शिबिरात झाले. भिंग बसवले. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा तिने समोरच्या बाईच्या लुगड्याचे काठ ओळखले आणि ती लहान मुलीसारखी हसली. तिसऱ्या दिवशी घरी आली. चौथ्या रात्री डोळा ठणकू लागला. पाचव्या दिवशी पापणी सुजली, डोळा लालभडक झाला. घरातल्यांना वाटले, ऑपरेशन म्हटल्यावर दुखणारच. आत्या म्हणाली, "वाल उपटायला आलेत, तेवढे उरकू देत, मग बघू." आम्ही तिला एस.टी.ने अलिबागला आणि तिथून मुंबईला नेले तेव्हा आठवा दिवस उजाडला होता. डोळा जागेवर राहिला, नजर मात्र गेली.

शिबिरातून निघताना कुणी तिच्या हातात एक साधा कागदही दिला नव्हता, की असे असे झाले तर त्याच दिवशी अमुक ठिकाणी या. चूक त्यांची होती, तशी आमचीही होती. त्या एका डोळ्यापायी आमच्या वाडीतल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी पुढे वर्षानुवर्षे ऑपरेशनला नकार दिला. "तिचं काय झालं बघितलंस ना?" एवढे एक वाक्य सगळ्यांना पुरत असे. म्हणून आज या विषयावर जरा सविस्तर लिहायचे ठरवले आहे. भीती घालण्यासाठी हा लेख नाही.

आधी हे समजून घेऊ की मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर वाढलेला पडदा नव्हे. आपल्या बाहुलीच्या मागे एक नैसर्गिक भिंग असते, ते वयाने गढूळ होते. औषधाने, मधाने, कुठल्याही झाडपाल्याच्या रसाने ते पुन्हा स्वच्छ होत नाही. ते काढावेच लागते. पूर्वी ते काढत आणि डोळा तसाच मोकळा ठेवत. मग सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. आपल्या वडीलधाऱ्यांच्या जुन्या फोटोंत तो दिसतो. त्या चष्म्यातून माणसे मोठी दिसत, पायरी आहे त्याहून जवळ वाटे, बाजूचे काही दिसतच नसे. होडीत चढताना तो खाडीत पडला की माणूस पुन्हा आंधळा.

डोळ्याच्या आतच भिंग बसवण्याचे पहिले काम लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सुरू केले. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या फुटलेल्या प्लॅस्टिक काचेचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले होते, आणि डोळ्याने ते मुकाट सोसले होते. त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. बड्या डॉक्टरांनी त्यांना वर्षानुवर्षे विरोध केला. आपल्याकडे गरिबाच्या डोळ्यात हे भिंग पोचायला मात्र आणखी चाळीस वर्षे लागली, कारण ते परदेशातून यायचे आणि एकाची किंमत शंभर डॉलरच्या आसपास असायची. १९९२ मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या मंडळींनी ऑरोलॅब हा कारखाना काढला आणि भिंग दहा डॉलरच्या घरात आणून ठेवले. त्यानंतर १९९४ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा कार्यक्रम चालला, त्यात महाराष्ट्र होता. जाड चष्मा जाऊन भिंग आले ते असे.

आपल्या किनाऱ्याचा आणि जे.जे. रुग्णालयाचा संबंध तर जुनाच. रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरले की जे.जे. फार लांब नाही. तिथे डॉ. तात्याराव लहाने यांनी एक लाखाच्या वर ऑपरेशने केली; २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लातूरकडच्या खेड्यातून गरिबीत शिकून आलेला हा माणूस. १९९५ मध्ये आईने दिलेल्या मूत्रपिंडावर स्वतः उभा राहिला आणि पुढे इतरांचे डोळे उघडत राहिला.

आता मुद्द्याचे. ऑपरेशननंतर किती जणांना चांगले दिसते? जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेले माप असे, की ऑपरेशन झालेल्यांपैकी बहुसंख्य जणांना आपल्याजवळच्या चष्म्यासह ६/१८ किंवा त्याहून चांगले दिसले पाहिजे. म्हणजे निरोगी माणसाला अठरा मीटरवरून दिसणारे अक्षर त्यांना सहा मीटरवरून तरी ओळखता आले पाहिजे. चांगल्या रुग्णालयात बहुतेकांना त्याहून बरेच चांगले दिसते. पण दुसरी बाजूही पाहा. २०१५ ते २०१९ या काळात केंद्र सरकारने पन्नाशीच्या पुढच्या लोकांची पाहणी केली. त्यात अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण ऑपरेशन न झालेला मोतीबिंदू हेच निघाले, ६६.२ टक्के. आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनमधील गुंतागुंतीमुळे आलेले अंधत्व ७.२ टक्के. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचावेत. ऑपरेशन न केल्याने आंधळे झालेले लोक, ऑपरेशन बिघडून झालेल्यांच्या नऊपट आहेत. तरीही सात टक्के म्हणजे लहान गोष्ट नव्हे.

बिघाडांतला सर्वांत वाईट म्हणजे डोळ्याच्या आत जंतू शिरून पू होणे. आत्याला झाले ते हेच. हजारो ऑपरेशनांत एखाददुसऱ्याला होते, पण बहुधा पहिल्या आठवड्यातच होते आणि एकदा झाले की तास मोजावे लागतात. दुखणे कमी होण्याऐवजी वाढत असेल, आलेली नजर पुन्हा अंधूक होत असेल, लाली आणि पापणीची सूज वाढत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच दिवशी डोळ्यात जंतुनाशकाचे इंजेक्शन मिळाले तर पुष्कळ डोळे वाचतात. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या महापालिकेच्या ट्रॉमा रुग्णालयात सात जणांवर ऑपरेशन झाले आणि त्यांतल्या पाच जणांची एका डोळ्याची दृष्टी गेली. एकाच दिवशी अनेकांना असे होते तेव्हा दोष औषधात, पाण्यात, हत्यारांत किंवा ऑपरेशनच्या खोलीत शोधावा लागतो. रुग्णाने मासे खाल्ले म्हणून पू झाला, असे आजही घरोघर बोलले जाते. सुकट, बोंबील, वांगे यांचा डोळ्यातल्या पुवाशी काहीही संबंध नाही. उलट म्हाताऱ्या माणसाला महिनाभर पेजेवर ठेवून आपण त्याला अशक्त करतो.

हा धोका कमीही करता येतो. ऑपरेशन संपताना डोळ्याच्या आत जंतुनाशकाचा एक थेंब सोडला तर काय होते, ते अरविंद रुग्णालयाने सहा लाखांहून अधिक ऑपरेशनांवरून २०१७ मध्ये मांडले. ज्यांना तो दिला नाही त्यांच्यात दहा हजारांत सुमारे सात जणांना संसर्ग झाला होता. ज्यांना दिला त्यांच्यात दोघांना. आपल्या डॉक्टरांना याबद्दल विचारायला लाजू नये.

दुसरी तक्रार फार सर्रास ऐकू येते : "दोन वर्षं छान दिसलं, आता मोतीबिंदू परत आला." काढलेला मोतीबिंदू परत येत नाही. नवे भिंग ज्या पातळ पिशवीत बसवतात, तिची मागची बाजू काहींच्या डोळ्यात कालांतराने धूसर होते. त्याला पुन्हा चिरफाड लागत नाही. याग नावाच्या लेझरने काही मिनिटांत पिशवीला मधोमध खिडकी पाडतात, माणूस त्याच दिवशी घरी येतो. किती आजी-आजोबा "ऑपरेशन फुकट गेलं" म्हणत कोपऱ्यात बसून राहिले असतील, ज्यांचे काम दहा मिनिटांचे होते!

तिसरी तक्रार वाचनाची. नेहमीचे भिंग लांबचे दिसेल अशा बेताने बसवतात. ते नैसर्गिक भिंगासारखे जवळ-लांब जुळवून घेत नाही. म्हणून ऑपरेशननंतर एस.टी.ची पाटी वाचता येते, पण हातातले पुस्तक नाही. वर्षावासात विहारात ग्रंथ वाचणारे आमच्या शेजारचे एक आजोबा ऑपरेशननंतर दोन महिने रुसून बसले होते. वाचनाचा साधा चष्मा मिळाला, राग गेला. सुमारे महिन्याने नंबर काढून चष्मा घेणे हा ऑपरेशनचाच भाग समजावा.

महागड्या भिंगांविषयीही दोन शब्द. जवळचे आणि लांबचे दोन्ही दिसेल असे भिंग हजारो रुपये जास्त घेऊन सुचवले जाते. काहींना ते मानवते. पण त्यात रात्रीच्या दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. रात्री होडी घेऊन जाणाऱ्याने, रिक्षा-टेम्पो चालवणाऱ्याने हे आधी विचारून घ्यावे. घडी न होणारे साधे भिंग मोठ्या छेदातून जाते, घडीचे भिंग तीन मिलिमीटरहून लहान छेदातून. जखम लवकर भरते एवढाच त्यातला मुख्य फरक. सरकारी भिंग म्हणजे हलके भिंग, असे समजून कर्ज काढू नये.

काही गोष्टी मात्र डॉक्टरांना आपण होऊन सांगायच्या असतात. साखर किती आहे, काचबिंदू घरात कुणाला आहे का, डोळ्याला पूर्वी मार लागला होता का. पुरुषांना लघवी मोकळी होण्यासाठी टॅमसुलोसिनची गोळी चालू असेल तर ती नक्की सांगावी; तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी राहत नाही, आणि डॉक्टरांना आधी कळले तर ते तयारीत असतात. आणि मोतीबिंदू "पिकू द्या" म्हणून थांबणे सोडा. तो जुना सल्ला होता. फार पिकलेले भिंग कठीण होते, काढताना पिशवी फाटण्याची शक्यता वाढते, कधी डोळ्याचा दाबही चढतो.

घरी आल्यावरचे नियम सोपे वाटतात, पण मोडतात तिथेच. औषधाचा थेंब घालण्याआधी साबणाने हात धुवा. मशेरी लावलेल्या बोटांनी पापणी उघडणाऱ्या आज्या मी स्वतः पाहिल्या आहेत! बाटलीचे टोक डोळ्याला लावू नका, शेजारणीची उरलेली बाटली वापरू नका. डॉक्टरांनी थांबवलेले थेंब मनाने चालू ठेवू नका. त्यातल्या काहींनी डोळ्याचा दाब वाढतो. चुलीचा धूर, शेतातला चिखल, मिठागराचे पाणी, मासळी साफ करणे यांपासून डॉक्टर सांगतील तितके दिवस लांब राहा. आणि महिना-वर्ष गेल्यावरही डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखे झाले, काळे ठिपके उडू लागले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटले, तर तो आतला पडदा सुटण्याचा इशारा असतो. ताबडतोब दाखवा.

घरातल्या बाईची पाळी सर्वांत शेवटी येते, हेही लिहिलेच पाहिजे. बाबांचे डोळे आधी, कारण ते कामाला जातात. आईला काय, चूल तर हाताने चाचपून पेटवता येते. मुंबईत नोकरीला असलेल्या मुलांनी सुट्टीत घरी आल्यावर आईला एवढेच करायला सांगावे : एक डोळा झाकून दारातल्या माणसांचे चेहरे ओळख, मग दुसरा झाकून.

आत्याने दुसरा डोळा अकरा वर्षे करू दिला नाही. अखेर २००८ मध्ये तिच्या नातीने हट्ट धरला, साखर तपासून घेतली, आणि ऑपरेशननंतर पंधरा दिवस रजा काढून ती स्वतः आजीजवळ राहिली. रोज सकाळी दारातल्या उजेडात बसवून विचारायची, "दुखतंय का? काल दिसत होतं तेवढंच दिसतंय का?" भिंगाचा नंबर लिहिलेले जे लहानसे कार्ड रुग्णालयातून मिळते, ते नातीने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाच्या शेजारी ट्रंकेत ठेवले. पुढे कधी डॉक्टर बदलला तर ते लागते. आत्या नंतर सात वर्षे गोधड्या शिवत होती. सुईत दोरा ओवायला तिला चष्मा लागायचा, आणि तो कुठे ठेवला हे ती दिवसातून दहा वेळा विसरायची.