बर्फावरच्या मासेमारीला गाडी कुठली घ्यावी?



विषय वाचून काही जण हसतील. आपल्या गोव्यात बर्फ म्हणजे कारखान्यातली लादी. ती फोडायची, मासळीवर घालायची आणि पुढच्या फेरीला परत विकत आणायची. त्या बर्फावर गाडी चालवायचा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही. पण गेल्या नोव्हेंबरात तो पडला, आणि तोही आपल्या संस्थेच्या ऑफिसात.

आपले एक जुने सभासद आहेत. तीस वर्षं ट्रॉलरवर तांडेल होते. नाव घालू नका म्हणाले, म्हणून आपण त्यांना तांडेलकाका म्हणूया. त्यांचा मुलगा कॅनडात विनिपेग शहरात नोकरीला आहे. तिथे थंडीत तळं गोठतं आणि माणसं बर्फाला भोक पाडून गळ टाकतात. मुलाने आणि त्याच्या दोन मित्रांनी वर्गणी काढून त्यासाठी जुनी एटीव्ही घ्यायचं ठरवलं. एटीव्ही म्हणजे चार जाड्या मऊ टायरांची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली उघडी गाडी. त्याने तीन गाड्यांचे फोटो पाठवले आणि विचारलं, "बाबा, यातली कुठली घेऊ?"

काका फोन घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, "इंजिन म्हटलं तर मला कळतं. पण खाली पाणी, वर बर्फ आणि त्याच्यावर गाडी, हे काय ते तुम्ही जरा बघा." मग आम्ही चार-पाच संध्याकाळी बसून वाचलं, मुलाशी फोनवर बोललो. त्यातून जे कळलं ते सगळ्यांच्या कामाचं वाटलं, म्हणून इथे मांडतो.

आधी ते तळं बघा

विनिपेग तळं सुमारे 24,500 चौरस किलोमीटरचं आहे. आपला आख्खा गोवा त्यात साडेसहा वेळा मावेल. लांबी चारशे किलोमीटरच्या वर, पण खोली सरासरी 12 मीटर, म्हणजे सहा-सात वाव. आकाराच्या मानाने उथळच.

या तळ्यावर नुसता हौसेचा गळ चालत नाही, पोटाची मासेमारीही चालते. तिथले मूळ रहिवासी आणि 1875 साली गिमली गावात येऊन वसलेल्या आइसलँडच्या लोकांचे वंशज थंडीत बर्फाखाली जाळी लावतात. आपल्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडतो: बर्फाखाली जाळं पसरायचं कसं?

त्यांची युक्ती ऐकण्यासारखी आहे. एका लांब फळीला लोखंडी दांडा बसवलेला असतो. भोकातून ही फळी बर्फाखाली सोडली की ती तरंगून बर्फाला खालून चिकटते. फळीला बांधलेली दोरी ओढली की दांडा बर्फात अडकतो आणि फळीला पुढे ढकलतो. सैल सोडली की दांडा पुन्हा जागेवर येतो. असं ओढत-सोडत फळी बर्फाखालून सरकत जाते आणि मागे दोरी नेते. दुसरा माणूस वरून आवाजाचा अंदाज घेत चालतो आणि फळी थांबेल तिथे दुसरं भोक पाडतो. दोन भोकांमधून दोरी आली की तिला बांधून जाळं ओढून घ्यायचं. काकांनी हे दोनदा समजावून घेतलं आणि म्हणाले, "डोकं आहे त्यांना."

गाडीची गोष्टही तिकडचीच आहे. क्युबेक प्रांतातल्या व्हालकूर गावात जोझेफ-आर्मां बोंबार्डिए नावाचा मेकॅनिक होता. 1934 च्या थंडीत त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद, दवाखान्यात नेता आलं नाही, आणि मूल गेलं. बर्फावर चालणाऱ्या गाडीवर तो आधीपासून काम करत होता, त्यानंतर त्याने ते तडीस नेलं. 1937 मध्ये त्याने पट्ट्यावर चालणाऱ्या गाडीचं पेटंट घेतलं. पुढे 1959 मध्ये त्याच्याच कंपनीची स्की-डू ही एकट्या माणसाची बर्फगाडी आली. त्याच्या मोठ्या बंद गाड्या विनिपेग तळ्यावरच्या मासेमारांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या.

बर्फ किती पेलतो?

आता खरा मुद्दा. आपण इंजिन घेताना पहिल्यांदा हॉर्सपॉवर विचारतो. बर्फावर पहिल्यांदा वजन विचारायचं.

मॅनिटोबाला लागून असलेल्या अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचं सरकारी खातं लोकांना असा अंदाज देतं:

पायी चालायला: 4 इंच
स्नोमोबाईल किंवा लहान एटीव्ही: 5 ते 7 इंच
केबिनवाली, शेजारी-शेजारी दोन सीटांची गाडी: 7 ते 8 इंच
लहान मोटार: 9 ते 10 इंच
मध्यम ट्रक: 13 इंच

हे आकडे नव्या, स्वच्छ, घट्ट बर्फाचे आहेत. पांढरट बर्फात हिम आणि हवा मिसळलेली असते, त्याची ताकद निम्मी धरायची, म्हणजे जाडी दुप्पट हवी. करडा किंवा पाणी सुटलेला बर्फ असेल तर पाऊलच ठेवायचं नाही. आणि ते खातं स्वतःच सांगतं की शंभर टक्के सुरक्षित असा बर्फ नसतो.

आणखी एक हिशेब लक्षात ठेवा. जाडी दुप्पट झाली की भार पेलायची ताकद साधारण चौपट होते. म्हणजेच जाडी निम्म्यावर आली तर ताकद चौथाईवर येते. सकाळी 8 इंच मोजलेल्या जागेवरून निघालात आणि पुढे प्रवाहाच्या तोंडावर 4 इंच लागला, तर काय होईल ते सांगायला नको. तळ्याच्या दक्षिण टोकाला रेड नदी मिळते. जिथे पाणी वाहतं तिथे बर्फ पातळ राहतो, वरून मात्र सगळं सारखंच पांढरं दिसतं.

हे ऐकल्यावर काकांनी मुलाला फोनवर पहिला प्रश्न केला तो गाडीचा नव्हताच. "तू जाणार तिथे पाणी कुठून कुठे ओढतं?" मुलाला उत्तर देता आलं नाही. काका म्हणाले, "मग आधी ते विचारून ये, गाडीचं मग बघू."

तीन गाड्यांचा हिशेब

मुलाने पाठवलेल्या तिन्ही गाड्यांचं आम्ही वजन मांडलं. गाडी, अंगावर जाड कपडे घातलेला माणूस, आणि मागच्या ढकलगाडीसारख्या घसरगाडीवरचा तंबू, ड्रिल, स्टोव्ह, बादल्या, सगळं धरून.

पहिली, 450 सीसीची साधी एटीव्ही: गाडी 280, माणूस 90, सामान 80. एकूण 450 किलो.

दुसरी, 1000 सीसीची दोन सीटांची, केबिन आणि हीटरवाली: गाडी 750, दोन माणसं 180, सामान 80. एकूण 1,010 किलो.

तिसरी, 570 सीसीची, टायर काढून चारही बाजूंना रबरी पट्टे बसवलेली: गाडी 330, पट्ट्यांचं जादा वजन 120, माणूस 90, सामान 80. एकूण 620 किलो.

मुलाचं मन दुसरीवर होतं. हीटर आहे, वारा लागत नाही, तिघांत रुबाब. मित्रांचं मन तिसरीवर. त्यांचं म्हणणं, पट्ट्यांमुळे वजन पसरतं, म्हणून पातळ बर्फावरही चालेल.

इथे मोठी गफलत होते. पट्ट्यांनी वजन पसरतं ते भुसभुशीत हिमात रुतू नये म्हणून. वाळूत रुतणारं चाक आणि फळी टाकली की न रुतणारं चाक, तसंच ते. पण हिमाखालचा बर्फ तरंगत असतो. तो चाकाखालच्या वीतभर जागेत वजन घेत नाही, आजूबाजूचा मोठा तुकडा मिळून सगळं वजन उचलतो. त्यामुळे त्याला चाक काय आणि पट्टा काय, फरक थोडाच. त्याला एकूण किलो कळतात. पट्टे लावून आपण त्याच्यावर शंभर-सव्वाशे किलो वाढवलेले असतात.

पट्टे वाईट असं नाही. जो मासेमार रोज दहा-वीस किलोमीटर आत जातो, गुडघाभर हिम तुडवतो, फुटा-दीड फुटाच्या बर्फावर काम करतो, त्याला पट्टेच पाहिजेत. आठवड्यातून एकदा काठापासून थोडं आत जाणाऱ्या तीन पोरांना पहिली गाडी पुरे. बाकीचे दोघे अंतर ठेवून चालत जातील. एका सीटच्या एटीव्हीवर दुसऱ्याला मागे बसवायचं नाही, तोल जातो.

जुनी गाडी तपासताना

यामाहा, होंडा, सुझुकी ही नावं आपल्याला आउटबोर्डमुळे माहीत आहेत, तीच एटीव्हीही करतात. तेव्हा तपासणी आपल्या ओळखीचीच आहे, फक्त थंडी धरून करायची.

एक, इंजिन थंड असतानाच चालू करून दाखवायला सांगा. आपण पोहोचायच्या आत विकणाऱ्याने गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. विनिपेगला जानेवारीत उणे 20, उणे 30 होतं. कार्ब्युरेटरपेक्षा इंजेक्शनचं इंजिन तिथे लवकर पकडतं.

दोन, बॅटरी. उणे 18 च्या आसपास साध्या बॅटरीची ताकद सुमारे निम्मी होते आणि नेमकं तेव्हाच इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. नवी बॅटरी लागेल तो खर्च किमतीत धरा.

तीन, तेल. जाड तेल थंडीत मधासारखं होतं. कंपनीच्या पुस्तकात थंडीसाठी सांगितलेलं पातळ सिंथेटिक तेलच घाला.

चार, चारही चाकांना जोर जातो का ते चालवून बघा. नुसत्या मागच्या चाकांवर गुळगुळीत बर्फात गाडी जागेवर फिरते. टायरला साखळी किंवा खिळे लागतील.

पाच, पुढे विंच असेल तर उत्तम. हँडलला हात गरम ठेवायची सोय असेल तर ती चैन समजू नका. अंगठा बधिर झाला तर ॲक्सिलेटर सांभाळता येत नाही.

सहा, खालून बघा. गंज, बेअरिंगचा खुळखुळाट, फाटलेले रबरी बूट. यात काकांनी मुलाला व्हिडिओ कॉलवर गाडीखाली झोपायला लावलं आणि इथून बघितलं.

चालवताना

वेग कमी. बर्फाखालच्या पाण्यात गाडीबरोबर लाट चालते, होडीमागे चालते तशीच. उथळ पाण्यात, काठाजवळ जोरात गेलात तर ती लाट बर्फाला खालून वाकवते आणि फोडते. गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या करू नका. तासन्‌तास एकाच जागी ठेवू नका. एकट्याने जाऊ नका. बंद केबिनची गाडी असेल तर बर्फावर पट्टा सोडून ठेवा आणि दार पटकन उघडेल असं बघा.

आणि पडलाच तर? विनिपेगच्याच मॅनिटोबा विद्यापीठातले डॉ. गॉर्डन गिसब्रेक्ट यांनी थंड पाण्यात माणसाचं काय होतं याचा अभ्यास स्वतःच्या अंगावर केला. त्यांचा नियम आहे 1-10-1. पहिलं 1 मिनिट श्वास सावरायला, घाबरून गटांगळी खाऊ नये म्हणून. पुढची 10 मिनिटं हातपाय कामाला येतात, त्यात बाहेर निघायचं. शुद्ध हरपायला सुमारे 1 तास लागतो, तोवर मदत पोहोचू शकते. ज्या बाजूने आलात त्याच बाजूला वळा, कारण तिथल्या बर्फाने तुम्हाला पेललं होतं. पाय मारत पोटावर वर सरका आणि उभे न राहता लोळत दूर जा. तिथले लोक दोन टोकदार खिळे दोरीला बांधून गळ्यात घालतात, बर्फाला धरायला. आणि तरंगणारा सूट घालतात.

आमच्याकडून एवढंच सांगणं गेलं: पहिली गाडी घ्या, आणि दुसरीच्या किमतीतले जे पैसे वाचतील त्यातून आधी तीन तरंगणारे सूट घ्या.

आपल्यासाठी

1 जून ते 31 जुलै बंदीच्या काळात आपल्यातले बरेच जण इंजिन बदलतात. शेजाऱ्याने मोठं घेतलं म्हणून आपणही मोठं घेतो. होडीचा सांगाडा त्याला झेपतो का, डिझेल किती पिईल, हप्ता कुठून भरायचा, हे नंतर कळतं. आणि लाइफ जॅकेट? ते तपासणीपुरतं वर येतं, एरवी जाळ्याखाली पडलेलं असतं. हे आम्ही कोणा एकाला म्हणत नाही, आमच्या घरच्या होडीवरही तेच होतं. यंदा इंजिनसाठी कर्जाचा अर्ज घेऊन याल तेव्हा ऑफिसात आम्ही होडीचं वजन आणि जॅकेटांची संख्या दोन्ही विचारणार आहोत. राग मानू नये.

डिसेंबरात काकांच्या मुलाचा आवाजी निरोप आला, काकांनी तो ऑफिसात सगळ्यांना ऐकवला. गाडी घेतली, पहिलीच. नोंदणी केली, हेल्मेट घेतलं. रविवारी पहाटे तिघे तळ्यावर गेले. गाडी काठावर ठेवून पुढे चालत ड्रिलने मोजत गेले. चार इंच भरला, पुढे साडेतीन. परत आले. मासा एक नाही.

काकांनी फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, "आता तो कधीही जाऊ दे, मला झोप लागेल."

आपला,
सचिव