जेसीबीच्या आधी सुतार बोलवा

शिराळ्याहून चांदोलीकडे निघालं की पाऊस वाढत जातो, आणि जुन्या घरांची पाखं उतरती होत जातात. याच सांगली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, आटपाडी-जतच्या कोरड्या मुलखात, मातीचं सपाट माळवद वर्षानुवर्षं टिकायचं. दोन्हीकडचा माल बहुतेक जवळपासचाच. आता मात्र पावसाच्या गावात आणि दुष्काळी गावात सारखीच स्लॅब पडते.

स्लॅबला नावं ठेवायची नाहीत. कुडाच्या घरात पावसाळे काढलेल्या माणसाला तिची किंमत ठाऊक असते. खटकतं ते जुनं घर पाडणं. जेसीबी येतो आणि दुपारपर्यंत तुळया, वासे, कौलं, घडीव दगड यांचा एकच ढीग होतो. लाकूड चुलीत जातं, बाकीचं भरावात. मग त्याच जागेवर सिमेंटची पोती उतरतात. जगभरच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा 7 ते 8 टक्के आहे. भट्टी सुमारे 1450 अंशांपर्यंत तापवावी लागते, शिवाय तापलेल्या चुनखडीतूनच हा वायू सुटतो. त्यामुळे नुसतं इंधन बदलून भागत नाही. जो माल आधीच तयार आहे तो पुन्हा वापरणं, हा त्यातल्या त्यात सोपा उपाय.

घर हातानं उतरवायचं ते वरून खाली. आधी कौलं, मग रिपा, वासे, शेवटी तुळया आणि खांब. कौलावर बोटाचं पेर वाजवावं. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द आवाज आला तर तडा गेलेलं. साग, ऐन किंवा किंजळाचा जुना वासा पन्नास-साठ वर्षं वाळलेला असतो, त्यामुळे तो नव्या ओल्या लाकडासारखा पिळवटत नाही. मात्र भिंतीत गाडलेली टोकं आधी तपासायची. ओल आणि वाळवी तिथूनच शिरते. पेचकस टोचून बघावा, सहज आत गेला तर तेवढा तुकडा कापून टाकावा. खिळे काढल्याशिवाय गिरणीवाला पातं लावत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. तुळईचं वजन पेलवण्याबद्दल शंका असेल तर तिची चौकट किंवा जिन्याच्या पायऱ्या कराव्यात. मातीच्या भिंतीचीही माती भिजवून, पेंढा घालून, पुन्हा तुडवता येते.

पण जुनं तेवढं सोनं, असंही नाही. 11 डिसेंबर 1967 रोजी शेजारच्या पाटण तालुक्यात कोयनेचा भूकंप झाला, आणि 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा. दोन्हीकडे दगडमातीची घरं मोठ्या प्रमाणावर कोसळली. किल्लारीत जाड भिंतीच्या दोन बाजू एकमेकींपासून सुटल्या, कारण त्यांना जोडणारे आरपार दगड नव्हते. गोल दगड नुसत्या चिखलात बसवलेले, आणि वर मातीचं जड छत. तेव्हा जुना दगड जोत्यात जरूर घाला. भिंतीत घालायचा असेल तर चुन्याचा किंवा सिमेंटचा सांधा, आरपार दगड आणि दारा-खिडक्यांवरून सलग जाणारा पट्टा, यांत तडजोड नको. इथे अभियंत्याची फी वाचवणं महागात पडतं.

नव्यानं उगवणारा माल म्हणाल तर बांबू आहेच. 2017 मध्ये वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून तो वगळला गेला, त्यामुळे बांधावरचा बांबू तोडणं सोपं झालं. तीन-चार वर्षांचा जून बांबूच तोडावा. कोवळ्यात पिष्ट जास्त, त्यावर भुंगा लागतो. बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या पाण्यात मुरवला तर कीड लांब राहते, पण भर पावसात उघडा ठेवला तर हे औषधही धुऊन जातं. म्हणून त्याला वर रुंद पागोळी आणि खाली दगडी बैठक हवी.

या दिवाळीनंतर घर पाडायचं ठरवलं असेल तर ठेकेदाराशी बोलणी करताना उतरवणीचा दर वेगळा लावून घ्या, आणि जेसीबीला तारीख देण्याआधी गावातल्या सुताराला एकदा सोप्यातून फिरवून आणा.